जुन्या गाडीला टिकाऊ रेडिएटर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाबद्दल नाही, रेडिएटरबद्दल बोलायचे आहे. हसू नका. वेचणीच्या दिवसांत गाडी आठ दिवस उभी राहिली तर कापूस घरात साठतो, वेचणाऱ्या बायांची मजुरी थकते आणि खेडा खरेदीवाला सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. बाजार निवडायचा तर दारात चालू गाडी हवी.

आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून ठेवलेली पिकअप वीस वर्षांची झाली. इंजिन अजून दणकट आहे, पण तीन हंगामांत दोन रेडिएटर गेले. तिसरा आम्ही आयता घेतला नाही, तालुक्याच्या कारागिराकडून बांधून घेतला.

आधी रोग समजून घेऊ. इंजिनात डिझेल जळते, त्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्याला बाहेर काढावा लागतो. पाण्याने काम सोडले की हेड गॅस्केट जाते आणि रेडिएटरच्या खर्चावर इंजिनाचा खर्च चढतो.

आमचे गेलेले दोन्ही रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लॅस्टिकच्या टाकीचे होते. दोहोंच्या मध्ये रबराची पट्टी ठेवून पत्र्याच्या दातांनी टाकी दाबून बसवलेली असते. ही रचना हलकी व स्वस्त आहे, नव्या गाड्यांवर चांगली चालते. पण वर्षानुवर्षे तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि एक दिवस चिरते. चिरलेले प्लॅस्टिक गावात कोणी खात्रीने सांधून देत नाही.

म्हणून आम्ही तांब्या-पितळेकडे गेलो. तांबे ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोनपट चांगली उष्णता वाहते. तेवढ्याच आकाराला वजन मात्र तिपटीहून जास्त, आणि किंमतही जास्त. पण पंधरा क्विंटल कापूस ओढणाऱ्या गाडीला चार-दोन किलो जड नाहीत. आमच्या निर्णयाचे खरे कारण वेगळे होते. पितळी टाकीला, पितळी नळीला गळती लागली तर कथील-शिशाचा डाग देऊन ती तालुक्यात बंद होते. जे आपल्याला दुरुस्त करता येते तेच खरे आपल्या मालकीचे.

नुसता धातू बदलून भागत नाही. आमच्या जाळीत पत्र्या दाट होत्या. त्यांत रुई, कुटार आणि काळी धूळ अडकून नमदा बसायचा. वाराच शिरला नाही तर तांबे काय करील? म्हणून पत्र्या विरळ ठेवल्या आणि त्याची भरपाई म्हणून नळ्यांची एक ओळ वाढवली. जाळी जाड झाली की पंख्याला वारा ओढायला कष्ट पडतात, म्हणून पंख्याभोवतीचे मोडलेले कव्हर नवे करून बसवले. पुढे काढता-घालता येणारी बारीक तारेची जाळी लावली. ती हंगामात रोज झटकायची.

पांदण रस्त्यावर गाडीची चेसिस पिळवटते. रेडिएटर बोल्टांनी घट्ट आवळला तर तो पीळ थेट डागांवर येतो. म्हणून चारही टेकूंखाली रबरी बुश घातले.

बसवण्याआधी दोन्ही तोंडे बंद करून, हवा भरून रेडिएटर हौदात बुडवला. एकही बुडबुडा येता कामा नये. झाकणही नवे घेतले. ०.९ बारचे झाकण धड असेल तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल असेल तर १०० अंशांनाच. मात्र गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नका, चेहरा भाजेल.

आता पाण्याचे. बोअरच्या पाण्यातला चुना नळ्यांत खपलीसारखा धरतो, चहाच्या पातेल्यात धरतो तसाच. आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालतो. कूलंट केवळ थंडीसाठी नसते, ते गंज आवरते आणि डाग खाऊ देत नाही. घेताना ते तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम या सर्वांना चालते का, हे डब्यावर वाचून घ्या.

आणि सगळा दोष रेडिएटरवर टाकू नका. नवा बांधण्याआधी थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप आणि होज पाईप तपासा. रोग दुसरीकडे असेल तर तांबे फुकट जाईल.

शेवटी हिशेब. दुकानातली किंमत पाहू नका. रेडिएटरची किंमत, दुरुस्ती आणि गाडी उभी राहिल्याने झालेले नुकसान, यांची बेरीज करा आणि तो टिकला तितक्या हंगामांनी भागा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल. ज्यांची गाडी वर्षातून चार खेपा करते त्यांना आयता रेडिएटर स्वस्त पडेल. ज्यांची हंगामभर रोज फिरते त्यांनी बांधून घेण्याचा विचार करावा.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गाडीचा हा हिशेब कागदावर मांडून आणा. चार गाड्यांच्या जाळ्या एकदम बांधायला दिल्या तर कारागीरही भावात उतरेल.