टेप आली कुठून?

(खर्डा, ता. जामखेड येथे केलेलं भाषण)



खर्ड्यात बोलायला आलेला माणूस 1795 च्या लढाईवर बोलतो. मी सॉफ्टवेअरवाला. मी एका टेपरेकॉर्डरवर बोलणार आहे.

1964 मध्ये मुंबईचे कोरोनर आर. एम. मलकानी यांच्यावर एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप झाला. मध्यस्थ डॉक्टरच्या घरातल्या फोनला पोलिसांनी, त्या डॉक्टरच्या संमतीने, टेपरेकॉर्डर जोडला. मलकानींना पत्ताच नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मलकानी म्हणाले, ही टेप कायदा मोडून मिळवली आहे, माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध पुरावा काढला आहे. 1972 मध्ये महाराष्ट्र सरकारची बाजू टिकली. कोर्टाचं म्हणणं असं की माणूस आपणहून बोलला, सक्ती झाली नाही. पुरावा बेकायदा मिळाला असला तरी तो खरा आणि प्रकरणाशी संबंधित असेल तर चालतो. टेपमध्ये खाडाखोड नाही ना, एवढं बघायचं.

त्याच निकालात आणखी एक मुद्दा आहे. निरपराध नागरिकाच्या फोनला संरक्षण आहे, पण अपराध्याला पोलिसांपासून ते मिळणार नाही. ऐकायला रास्त वाटतं. पण अपराधी कोण हे खटल्याच्या शेवटी कळतं, आणि फोन तर आधीच ऐकलेला असतो!

2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या खटल्यात असा हक्कच नाही, असं केंद्र सरकार म्हणत होतं. त्यानंतर 2019 मध्ये मुंबई हायकोर्टापुढे एका व्यावसायिकाचं प्रकरण आलं. तोही लाचेचाच आरोप. फोन ऐकण्याचे आदेश सार्वजनिक सुरक्षेच्या नावाने काढलेले. लाचेच्या तपासात कसली सार्वजनिक सुरक्षा? कोर्टाने ते आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. तरी मलकानीचा दाखला वकील आजही देतात.

आता तुमच्या मनातलं मला ठाऊक आहे. याच खर्ड्यात 2014 मध्ये 17 वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला आणि 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले. इथे येऊन आरोपीच्या हक्काचं कौतुक कशाला? प्रश्न योग्य आहे. पण ते आरोपी कुणाच्या खाजगीपणामुळे सुटले नाहीत. साक्षीदार फिरले. साक्षीदाराला निर्भय ठेवणं सरकारचं काम होतं. बेस्ट बेकरी खटला गुजरातेतून महाराष्ट्रात आणताना 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं होतं: निःपक्ष खटला आरोपीचा हक्क आहे, तसाच पीडिताचाही. साक्षीदार संरक्षणाची देशव्यापी योजना यायला मात्र डिसेंबर 2018 उजाडला. हे काम केलं नाही, ते सरकार फोन ऐकायची मोकळीक मागतं, तेव्हा मला ते पटत नाही.

शेवटी कामाचं. जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण कायद्याने बंधनकारक आहे. फोन जप्त झाला तर जप्ती यादीची प्रत मागा आणि चित्रीकरण चालू आहे का ते विचारा. फोनमधला डेटा कोर्टात आला तर त्याची हॅश व्हॅल्यू प्रमाणपत्रात आहे का, हे वकिलाला बघायला लावा. हॅश म्हणजे डेटावरून काढलेला आकडा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. खाडाखोड त्याने कळते. फोन कुणाच्या हुकमाने उघडला, हे त्याने कळत नाही. तो हुकूम वेगळा मागावा लागतो, लेखी.