बसऱ्याला गेलेल्यांची नावं

(जालना जिल्ह्यातल्या महिला गटांच्या अंबड इथल्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पहिलं महायुद्ध : इतिहास आणि दंतकथा' असा विषय छापलाय. सकाळी चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, "ताई, पोटगी, रेशन, जमिनीवर नाव हे सगळं सोडून लढाईचं कशाला काढलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी एका बाईबद्दल सांगते.

माझी आजी जाफराबादकडची. तिच्या माहेरच्या भावकीत एक म्हातारी होती. सगळे तिला 'बसरावाली' म्हणायचे. तिचा नवरा पोटासाठी शेजारच्या वऱ्हाडात गेला, तिथून फौजेत खेचरं हाकायला भरती झाला आणि बसऱ्याला गेला. दोनदा मनिऑर्डर आली, मग बंद झाली. मेल्याचा कागद आला नाही आणि जिवंत असल्याचाही आला नाही. ती मरेपर्यंत कुंकू लावत होती. काही घरी तिला हळदीकुंकवाला बोलावत, काही घरी टाळत. शेतातला वाटा मागितला तर दीर म्हणे, "भाऊ येईल की, तुला कशाला वाटा?" पाट लावायचं म्हटलं तर तेच लोक म्हणत, "नवरा जिता असताना पाट?" एका बाईला एकाच तोंडानं दोन्ही बाजूंनी अडवलं. तिचं स्वतःचं नाव काय, हे मी आजीला विचारलं होतं. आजीला आठवेना.

आता हा बसरा कुठे आणि आपल्याकडची माणसं तिथे कशाला गेली, ते पाहू.

पहिलं महायुद्ध म्हटलं की पुस्तकांत फ्रान्सच्या खंदकांचं चित्र असतं. चिखल, काटेरी तारा, उंदीर, विषारी वायू. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांची रांग होती, हे खरं आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेल्सला उतरली आणि ऐन हिवाळ्यात या खंदकांत गेली, हेही खरं. खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल या गावी हल्ल्यात घातल्या गेल्या. खणण्या-बांधण्याचं काम करणारी ही माणसं. त्यांना संगिनी घेऊन पुढे पाठवलं, आणि त्यांतली फार थोडी धड परतली. पण हिंदी सैनिकांची सगळ्यात मोठी संख्या फ्रान्समध्ये नव्हती. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. तिथेही खंदक होते. चिखलाबरोबर तिथे ऊन होतं, माश्या होत्या, पटकी होती, आणि नदीला पूर आला की खंदकात पाणी भरे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये पुण्याची सहावी डिव्हिजन बसऱ्यात उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. कोकण, सातारा आणि देशावरची माणसं. तेलाच्या विहिरी आणि बंदर राखायला पाठवलेली ही फौज वरिष्ठांच्या हव्यासापायी टायग्रिस नदीच्या काठानं बगदादकडे ढकलली गेली. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला नोव्हेंबर १९१५ मध्ये तिचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. उरलेली मागे हटून कूत-अल-अमारा या गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी.

पहिली दंतकथा या कूतचीच. ती अशी, की हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, त्यांच्या धर्मवेडामुळे फौज दुबळी झाली आणि कूत पडलं. शिपायांनी बरेच दिवस ते मांस खाल्लं नाही, त्यांना रक्तपितीसारखे रोग झाले, हे खरं आहे. पण पुढचं ऐका. वेढ्याच्या सुरुवातीला टाउनशेंडनं वर कळवलं, की अन्न दोनेक महिनेच पुरेल. म्हणून सोडवायला येणारी फौज अपुऱ्या तयारीनिशी घाईघाईनं तुर्कांच्या खंदकांवर घातली गेली. मग जानेवारीत गावातली घरं झडती घेऊन पाहिली तर धान्याचे साठे निघाले! रेशनची काटछाटही तोवर नीट केलेली नव्हती. सोडवायला गेलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले वा जखमी झाले. तेही बरेचसे हिंदीच. नदीत पुरेशा बोटी नव्हत्या, जखमींसाठी दवाखाने नव्हते. जखमींना उघड्या तराफ्यांवर घाणीत टाकून बसऱ्याला आणलं जाई. १९१७ मध्ये ब्रिटिशांच्याच चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. एवढं सगळं कागदोपत्री असताना लोकांच्या तोंडी राहिलं ते शिपायाचं घोड्याचं मांस. हा डाव आपल्या ओळखीचा आहे ना? सरकारी दवाखान्यात बाळंतीण दगावली की म्हणतात, अडाणी होती, उशिरा आणली. रस्ता नव्हता, गाडी नव्हती, डॉक्टर नव्हता, हे कुणी बोलत नाही.

कैद्यांचं पुढे काय झालं? टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला आणि १९२० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेला. साधे शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले, रेल्वेच्या बांधकामावर जुंपले गेले. त्यांतले हजारो परतले नाहीत, आणि कित्येकांचा पुढे पत्ताच लागला नाही. या 'पत्ता नाही' शब्दांमागे एकेका गावात एकेक बसरावाली होती.

दुसरी दंतकथा 'लढाऊ जातीं'ची. काही जाती जन्मतः शूर, बाकीच्या नाहीत, असं इंग्रजांनी ठरवलं. महारांनी पूर्वी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या काम केलं होतं, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळेंनी अर्ज केले. दाद मिळाली नाही. मग महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. म्हणजे गरज असताना शूर, गरज संपली की अस्पृश्य. शौर्य रक्तात असतं तर ते असं सरकारी हुकमावर आलं-गेलं नसतं.

आणि फौजेत फक्त बंदूकवालेच नव्हते. पाणक्ये, धोबी, स्वयंपाकी, भंगी, डोलीवाले, खेचरवाले होते. त्यांना 'फॉलोअर' म्हणत, मागून येणारे. त्यांना पगार कमी, पेन्शन कमी, कपडे कमी. कूतच्या कैद्यांत असे तीन हजारांवर होते. १९१६ पासून तर तुरुंगातले कैदीही मजूर म्हणून मेसोपोटेमियात पाठवले. पाणी नसेल, भाकरी नसेल, घाण उचलली गेली नसेल तर कोणती पलटण दोन दिवस लढेल? तरी ते काम लढाईत धरलं जात नाही. घरातलं आपलं काम जसं कामात धरलं जात नाही, अगदी तसंच.

आता आपल्या जालन्याकडे येते. तेव्हा आपण निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होतो. जालन्याला इंग्रजांची मोठी छावणी होती, तिथे हैदराबाद कंटिंजंटची फौज असे. १९०३ मध्ये ती हिंदी फौजेत मिसळली आणि तिच्या घोडदळातून 'डेक्कन हॉर्स' ही रिसाला-पलटण झाली. तिच्यात शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमान होते, आपल्याच मुलखातले. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड या जंगलाजवळ त्यांनी भाले रोखून हल्ला केला. तिसरी दंतकथा त्याची. मशीनगनपुढे अख्खा रिसाला कापला गेला असं वर्णन पुढे रंगवलं गेलं. प्रत्यक्षात त्या ब्रिगेडचे मेलेले आणि जखमी मिळून शंभराच्या आसपास होते. याच लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलैला, पायदळाचे १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले होते. पण घोडा आणि भाला चित्रात छान दिसतो. खंदकात गुडघाभर पाण्यात सडलेले पाय कोण रंगवणार?

निजामानं पैसाही दिला. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० नंबरच्या तुकडीची विमानं त्याच्या देणगीतून आली, म्हणून तिला हैदराबाद स्क्वॉड्रन म्हणत. १९१८ मध्ये त्या विमानांनी जर्मन शहरांवर बाँब टाकले. निजामाच्या तिजोरीत आपल्या आज्या-पणज्यांनी काढलेल्या पिकाचा सारा होता. कुणाच्या डोक्यावर काय टाकायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

चौथी दंतकथा, की लढाई पुरुषांची असते आणि बायका घरी सुखरूप असतात. शिपायाचा पगार तेव्हा महिना अकरा रुपये. युद्धात धान्य, मीठ, कापड, रॉकेल सगळं महागलं. १९१८ मध्ये पाऊस गेला. त्याच वर्षी मुंबई बंदरातून तापाची साथ आत शिरली. म्हाताऱ्या तिला 'मानमोडी' म्हणायच्या. या साथीत हिंदुस्थानात मेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीपासून पुढे आहे. युद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे ७४ हजार. ताडून पाहा. आणि साथीत बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडे आणि पातेल्यातलं उरलंसुरलंही त्यांच्याकडे. त्यात दुष्काळ. युद्धाच्या कोणत्याही यादीत त्या नाहीत.

याद्यांचंच आता सांगते. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत, त्यांत बाई एकच, एक परिचारिका. कोकणात, साताऱ्याकडे काही गावांत दगड बसवले आहेत : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नुसता आकडा. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायाचंही नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्यांचं कोरलं, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये अहवाल काढून हे कबूल केलं. आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना बरोबरीनं स्मरलं गेलं नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, एकतर नावानं नोंदलेच नाहीत किंवा अजिबात नोंदले नाहीत. आता बसऱ्याची बरीच नावं आयोगाच्या यादीत शोधता येतात. शंभर वर्षं लागली. मी तिथे आजीच्या भावकीतलं आडनाव शोधलं. सापडलं नाही. खेचरवाला होता ना!

आता सकाळच्या प्रश्नाचं उत्तर.

सात वर्षं माणसाची खबर नसेल तर, त्याच्या खबरीची ज्यांना आशा असते अशांनाही ती नसेल तर, कायदा त्याला मेलेला धरतो. इंग्रजी मुलखात ही तरतूद १८७२ पासून होती. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण लग्न केलं की नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट पूर्वीपासून चालत होता त्यांनाही मुंबई हायकोर्टानं हेच लावलं. म्हणजे बसरावाली इंग्रजी मुलखात असती तरी एका हातानं मिळालेलं दुसऱ्या हातानं गेलं असतं. पण निदान ती कुणाची कोण, एवढी नोंद हातात असती तर तिला भांडता तरी आलं असतं.

आणि आपल्या गटांत आज अशा किती आहेत? नवरा ऊसतोडीला गेला आणि तिकडून परत आला नाही. पुण्याला बांधकामावर गेला आणि फोन लागेना. त्यातल्या किती जणींनी पोलिसात बेपत्ता असल्याची नोंद केली आहे? मागच्या महिन्यात एका गावात विचारलं तर अशा पाचजणी निघाल्या. नोंद एकीचीही नाही. का, तर सासरचे म्हणतात, "येईल की." तेच वाक्य, जे जाफराबादला शंभर वर्षांपूर्वी बोललं गेलं.

म्हणून या शिबिरातून जाताना दोन कामं घेऊन जा. गावात गेल्यावर अशा बायकांची यादी करा. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं नाव, तो कोणत्या तारखेला गेला, शेवटची खबर कधी आली. मग तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करा आणि तिची पोच मागून घ्या. सात वर्षं मोजायची तर ती कोणत्या दिवसापासून, हे दाखवायला कागद लागतो. दुसरं काम म्हाताऱ्या बायकांशी बोलायचं. बसऱ्याला, फ्रान्सला, एडनला गेलेल्यांची आठवण आता फार थोड्या घरांत उरली असेल. पेटीत एखादं पदक असेल, त्याच्या कडेवर नाव आणि पलटण कोरलेली असते, ती उतरवून घ्या. आणि तो गेल्यावर घरातल्या बाईचं काय झालं, हेही विचारा. कारण पदकाच्या कडेवर ते लिहिलेलं नसतं.

वही कुणाकडे ठेवायची ते जेवणानंतर ठरवू. पहिल्या पानावर मी बसरावालीची हकीकत लिहिणार आहे. नावाची जागा मोकळी ठेवते. जाफराबादकडच्या कुणीतरी भरून द्या.