लग्नघटिका आणि सूर्यप्रकाश



आपल्याकडे लग्न ठरलें म्हणजे पहिली धांव पंचांगाकडे असते, दुसरी कार्यालयाकडे आणि तिसरी आचाऱ्याकडे. छायाचित्रकाराला बोलावणें जातें तें अगदीं शेवटीं, मुहूर्त ठरून पत्रिका छापून झाल्यावर. मग महिन्या-दोन महिन्यांनीं अल्बम घरीं आला कीं जो तो आपला चेहरा शोधूं लागतो, आणि 'किती काळे आलों आम्ही!' म्हणून त्या बिचाऱ्याला बोल लावतो. दोष बहुधा त्याचा नसतो. निवडलेल्या वेळेचा असतो. आज मी याच गोष्टीविषयीं चार शब्द सांगणार आहें.

हा निव्वळ हौसेचा प्रश्न आहे असें आपण म्हणाल. मला तसें वाटत नाहीं. आज घरोघरीं मोबाईल आला आहे हें खरें. परंतु आजी, आत्या, थोरले काका हीं माणसें आपण होऊन छायाचित्रासाठीं बसतात कोठें? चांगलें नेसून-सवरून, सगळ्यांसमवेत, तीं एका ठिकाणीं सांपडतात तीं घरच्या लग्नांतच. पुढें त्यांतलें एखादें माणूस जातें, भिंतीवर तसबीर लावण्याची वेळ येते, आणि मग लग्नाच्या समूहचित्रांतूनच तो चेहरा वेगळा काढून मोठा करून घेतात. त्या चेहऱ्यांत डोळ्यांच्या जागीं दोन काळे डाग असतील, तर आजीची नजर कशी मायाळू होती हें नातवंडांनीं कशावरून जाणावें?

हे काळे डाग येतात कसे, तें पाहूं. सूर्य डोक्यावर असला म्हणजे कपाळ, नाकाचा शेंडा आणि खांदे तेवढे उजळतात. भुंवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर. त्यांत नवऱ्या मुलाच्या डोक्याला फेटा आणि दोघांच्याही कपाळावर मुंडावळ्या! शिवाय उन्हानें डोळे बारीक होतात तें वेगळेंच. मनुष्याच्या डोळ्याला ऊन आणि सावली हीं दोन्ही एकाच वेळीं दिसतात. कॅमेऱ्याला तितकें साधत नाहीं. तो उन्हाला जपूं गेला तर सावली काळी होते, आणि सावलीला जपूं गेला तर ऊन पांढरेंफटक होतें.

आतां आपल्या मालेगांवचें घड्याळ पाहा. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची आहे, आणि मालेगांव आहे सुमारें ७४॥ अंशांवर. अंतर आठ अंशांचें. सूर्याला एक अंश चालण्यास चार मिनिटें लागतात. म्हणून आपला खरा मध्याह्न घड्याळांतल्या बाराला होत नाहीं, साडेबाराच्या आगेंमागें होतो. पत्रिकांतून वारंवार दिसणारी 'दुपारीं १२ वाजून ३५ मिनिटें' ही वेळ म्हणजे आमच्या गांवीं नेमका भर माध्यान्हच. अभिजित मुहूर्तही याच सुमाराचा. मे महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास तर सूर्य येथें बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीं नाहींशी होते. वैशाखांतलें दुपारचें लग्न म्हणजे छायाचित्राच्या दृष्टीनें वर्षांतली सर्वांत वाईट घटका, आणि वृद्ध पाहुण्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीनेंही तीच.

मात्र हा नियम बारा महिने लागू नाहीं. डिसेंबरच्या मध्यावर, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, आपल्याकडे सूर्य भर दुपारीं देखील क्षितिजापासून ४६ अंशांच्या वर चढत नाहीं. तितका खालीं तो मे महिन्यांत उतरतो तेव्हां दुपारचे साडेतीन वाजून गेलेले असतात. तेव्हां मार्गशीर्षांत दुपारचा मुहूर्त खुशाल धरावा. वैशाखांत मात्र सकाळीं नऊच्या आंतला किंवा दुपारीं चारनंतरचा पाहावा.

हे आंकडे ध्यानांत ठेवण्याची गरज नाहीं. मी शाळेंत भूगोल शिकवीत असतांना पटांगणांत काठी रोवून मुलांना सावली मोजावयास लावीत असें. आपल्या जुन्या ज्योतिषांतला शंकू तो हाच. त्याच काठीनें हेंही काम होतें. सावली काठीहून आंखूड असेल तर उघड्यावर चेहऱ्याचें चित्र काढूं नये. काठीएवढी किंवा तिच्याहून लांब असेल तर अवश्य काढावें. गंमत अशी कीं निम्म्याहून अधिक मुसलमान वस्तीच्या आमच्या गांवांत हें माप रोजच्या व्यवहारांतलें आहे. असरच्या नमाजाची वेळ सावलीवरूनच ठरते. मध्याह्नींची मूळ सावली वजा जातां वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी, आणि हनफी मताप्रमाणें दुप्पट झाली म्हणजे ती वेळ सुरू होते. निकाहाला पंचांगांतला मुहूर्त लागत नाहीं. मे महिन्यांत जो गृहस्थ असरनंतर निकाह ठेवतो, त्याला पांच वाजल्यापासून सूर्यास्तापर्यंत दोन तासांचा उत्तम प्रकाश आपोआप लाभतो.

हिंदु घरांतही असा मार्ग आहे. पूर्वी तांब्याचें बारीक छिद्राचें घटिकापात्र पाण्यांत सोडून लग्नाची वेळ साधीत. तें बुडालें म्हणजे एक घटका, आपलीं २४ मिनिटें, भरली. दिवस-रात्रींत बारा राशि उगवतात. प्रत्येक लग्न स्थूलमानानें दोन तासांचें. त्यामुळें शुभ दिवशीं बहुधा एकाहून अधिक मुहूर्त निघतात. 'गुरुजी, यांतला सकाळचा किंवा सायंकाळचा द्या' एवढेंच म्हणावयाचें असतें. शास्त्र कोठेंच मोडत नाहीं.

गोरज मुहूर्ताची गोष्ट मात्र निराळी. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला म्हणजे त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्यापेक्षां पांच-सहा पट अधिक हवेंतून यावें लागतें. वाटेंत निळा रंग विखुरला जातो, प्रखरता कमी होते, आणि चेहऱ्यांवर सोनेरी झांक येते. सूर्य बुडाल्यावरही आकाशाचा मऊ उजेड राहतो. परंतु आपल्या अक्षांशावर तो टिकतो जेमतेम एक घटका. मालेगांवास मेच्या मध्यावर सूर्यास्त सात वाजून तीन मिनिटांच्या सुमारास होतो, आणि डिसेंबरच्या मध्यावर सहाला सहा मिनिटें कमी असतांना. आतां वरात नाचत-नाचत अर्धा तास उशिरां मांडवांत आली, तर तो सारा उजेड रस्त्यावरच संपला! ज्या घराला वेळ पाळतां येत नाहीं त्यानें छायाचित्रांसाठीं गोरजाच्या भरंवशावर राहूं नये.

आणि मुहूर्त दुपारचाच निघाला तर? मग विधि त्या वेळीं होऊं द्या. कुटुंबाचें समूहचित्र निराळ्या वेळीं घ्या. सकाळीं सीमांतपूजनानंतर, किंवा दिवस कलल्यावर निरोपापूर्वीं, सर्व वडील मंडळींना ओट्याच्या सावलींत, समोर मोकळें आकाश येईल असें बसवा. मांडव तांबडा-पिवळा असेल तर तोच रंग तोंडावर उतरतो; म्हणून निदान बोहल्यावर तरी पांढरें कापड ताणावें. आमच्या मालेगांवच्या मागांवर विणलें जाणारें साधें कोरें कापड यास पुरतें. वरचें ऊन तें गाळतें, आणि बाजूला धरलें तर उजेड परतवून डोळ्यांखालची सावली हलकी करतें.

याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकले, आणि १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला, तो सूर्यप्रकाशाच्या बळावर. आज झगझगीत दिवे भाड्यानें मिळतात, तरी सूर्याची बरोबरी त्यांना येत नाहीं, आणि सूर्य भाडेंही मागत नाहीं!

एक इशारा देऊन संपवितों. कॅमेऱ्यासाठीं मंगलाष्टकें थांबविणें, हार पुन्हां घालावयास लावणें, हा प्रकार मला मान्य नाहीं. विधि छायाचित्रासाठीं नाहीं. छायाचित्र विधीच्या आठवणीसाठीं आहे. वेळ आधींच विचारपूर्वक निवडली, तर कोणालाच कोणाला थांबवावें लागत नाहीं. तेव्हां पत्रिका छापखान्यांत देण्यापूर्वीं एक दिवस त्या वेळेला अंगणांत काठी उभी करा आणि तिची सावली पाहा. घरांतल्या थकल्या माणसांची मुद्रा पुढल्या पिढीला स्पष्ट दिसावी, यासाठीं एवढे श्रम फार नाहींत.