आईची वही आणि वाडीवरच्या आज्या

(विश्रांतवाडी येथे प्रथम पुण्यस्मरणाच्या मिस्सानंतर मुलीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. कुटुंबाच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.)



आईबद्दल बोलायचं म्हणजे आधी एक गोष्ट सांगून टाकते. तिला 'समाजसेविका' म्हटलेलं आवडत नसे. कुणी म्हटलं की ती म्हणायची, "समाजसेविकेला गाडी असते, मला गुडघेदुखी आहे." तेव्हा तो शब्द मी आज वापरणार नाही.

तिचा जन्म १९४१ चा, राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात. नगर जिल्ह्यातून आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांची गोष्ट तीच आहे. जर्मन जेझुइट फादर गावोगाव फिरले, पणज्या-आज्यांनी बाप्तिस्मा घेतला, चर्चबरोबर शाळा आली. आईचे वडील गावात मास्तर होते. मास्तर म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. मुलांना अक्षरं शिकवणारे, मोठ्यांना प्रार्थना शिकवणारे, आणि फादर दुसऱ्या गावी असतील तर मयताला उभे राहणारे. घरात छापील कागद दोनच प्रकारचे, प्रार्थनेचं पुस्तक आणि 'निरोप्या'चे जुने अंक. 'निरोप्या' १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरीजवळच्या केंदळला सुरू केला, पुढे तेच पुण्याचे बिशप झाले. आई चौथीनंतर शाळेत गेली नाही. तिचं पुढचं शिक्षण त्या अंकांवर झालं. शेवटच्या महिन्यातसुद्धा भिंग घेऊन ती आधी मयतांची पानं वाचायची, मग अग्रलेख.

१९५९ मध्ये लग्न होऊन ती खडकीला आली. दादा अॅम्युनिशन फॅक्टरीत कामगार होते. दोन खोल्या, बाहेर नळ, आम्ही चार भावंडं. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये असे. आईला सगळी उत्तरं पाठ होती, अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा ती म्हणाली होती, "पंचवीस वर्षं मीच बोलत होते, तो काय म्हणतो ते आता कळायला लागलं." मराठी मिस्साचा तिचा हट्ट तिथून सुरू झाला. आपल्या पुण्यात गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी असे सगळे कॅथलिक आहेत, त्यामुळे सोयीची वेळ इंग्रजी मिस्साला आणि मराठीला उरलेली, हे बऱ्याच ठिकाणी घडतं. आई त्यावरून भांडायची. मंगळूरची सून घरी आली तेव्हा पहिली दोन वर्षं घरात थंड युद्ध होतं. मग सुनेने मराठीत जपमाळ म्हणायला घेतली आणि आईने नारळाच्या रसातली मासळी खायला घेतली. आई सोपी बाई नव्हती. तिच्या पुण्यस्मरणाला तिला साखरेत घोळवलं तर तिलाच आवडणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात नगरकडचे आमचे नातेवाईक खडकीला आले. दोन खोल्यांत अकरा माणसं, आणि रेशनवर तो लाल मिलो. त्या वर्षी आईने एक डबा ठेवला. उपवासकाळात शुक्रवारी मटण आणायचं नाही, हे बरेच जण पाळतात. आईचं म्हणणं असं की न आणलेल्या मटणाचे पैसे आपले नाहीत. ते डब्यात जायचे. पुढे १९७८ मध्ये विश्रांतवाडीला हे घर बांधलं तेव्हाही डबा बरोबर आला, आणि घराच्या कर्जाला दोन हप्ते कमी पडत असतानाही तिने तो उघडला नाही. दादा त्या दिवशी जेवले नव्हते. ज्येष्ठात आळंदीहून माउलींची पालखी आपल्या रस्त्याने जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी आणि गुळ-शेंगदाणे मात्र त्याच डब्यातून जायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमच्यात चालतं का?" आई म्हणायची, "तहान कुणाचीही चालते."

आता वाडीची गोष्ट. ती सांगण्यासाठीच मी उभी आहे.

१९८७ चा हिवाळा. तेव्हा धानोरी-लोहगावकडे वीटभट्ट्या होत्या. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन रोज दुपारी आमच्या दाराशी यायची, शिळी भाकरी न्यायची. आईने तिला विचारलं, शाळेत का जात नाहीस? मुलगी म्हणाली, "मग ह्याला कोण धरील?"

त्या एका वाक्यावर आई पुढची सदतीस वर्षं काम करत राहिली, असं म्हटलं तरी चालेल. आपण मदत करणारी माणसं बहुधा पाटी-पुस्तकं घेऊन जातो. त्या मुलीला पाटीची अडचण नव्हती. ती मुलगीच त्या भट्टीवरची बालवाडी होती. ती शाळेत गेली असती तर तिच्या आईचे हात थांबले असते. भट्टीवर मजुरी हजार विटांवर मिळते, आणि नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात. एक हात थांबला तर जोडी मोडते.

पावसाळ्यात आई त्या कुटुंबाचा पत्ता काढत मुळशीतल्या वाडीवर गेली. ही माणसं कातकरी. पूर्वी खैराच्या झाडापासून काथ काढायची, त्यावरून हे नाव. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती महाराष्ट्रातल्या सगळ्यांत दुर्बळ आदिवासी जमाती म्हणून सरकारच्या यादीत आहेत. अनेक वाड्यांवर घराखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. भाद्रपदाच्या सुमाराला घरातला तांदूळ संपतो आणि शेतावर काम नसतं, नेमका तेव्हा मुकादम उचल घेऊन येतो. चार-पाच हजार, हल्ली त्याहून किती तरी जास्त. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि वाडी रिकामी होते. परत येणं पुढच्या पावसाच्या तोंडावर. हिशेबाची वही मुकादमाकडे असते, म्हणून उचल फिटली की नाही हे तोच सांगतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. कायद्याची प्रत वाडीवर कुणाकडे नसते.

आईने तिथे एक गोष्ट पाहिली. वाडी पूर्ण रिकामी होत नाही, म्हाताऱ्या मागे राहतात. त्यांना भट्टीवर काम होत नाही, आणि मुलगा-सून नेतील तर खाणारं तोंड वाढतं. मग त्या कंदमुळं, खेकडे, शेजारच्या गावातलं मागून आणलेलं, असं करून सहा-सात महिने काढतात. ज्यांना नातवंडं सांभाळता येतील अशा आज्या उपाशी बसलेल्या, आणि नातवंडं धुरात भाऊ-बहिणी सांभाळताना दिसतात. आईने दोन्ही टोकं जोडली. तिने आजीला विचारलं, "महिन्याचा शिधा दिला तर धाकटी आणि थोरली दोघं तुझ्याकडे ठेवशील?" आजी म्हणाली, "शिधा कुठवर दिशील?" आई म्हणाली, "पाऊस पडेस्तोवर."

पहिल्या वर्षी तीन आज्या. डब्यातले पैसे, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोन सभासदांनी घातलेली भर, आणि आमच्या घरी त्या नाताळात अनारसे झाले नाहीत. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, अंगाचा साबण. साबणाचा आग्रह आईचा. मुलांना शाळेत मागे बसवतात ते वासावरून, असं तिचं ठाम मत होतं. मोठ्या मुलींपैकी काही पुढे सिस्टरांच्या बोर्डिंगला गेल्या, पण सगळ्यांनी बोर्डिंगला जावं असं तिला वाटत नसे. "आजी आहे तिथवर घर आहे," एवढंच ती म्हणे.

वाडीवर तिने कुणाला प्रार्थनेला बस म्हटलं नाही. गळ्यात कृस असायचा, तो लपवलाही नाही. एकदा गावातल्या काही तरुणांनी विचारलं, धर्म बदलायला येता का? तिने त्यांना वही दिली आणि म्हणाली, "वाचा. तांदूळ, डाळ, तेल. चौथी ओळ कुठे दिसली तर मला दाखवा." त्यांतला एक जण पुढे दोन वर्षं पोती उतरवायला येत होता.

दाखल्यांचं काम तिने साठीनंतर शिकून घेतलं. आदिवासी मुलाला जातीचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याचा आजा शाळेच्या दारात गेला नाही त्याने पुरावा कुठून आणायचा? आई जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, गावचावडी, प्रांत कार्यालय असं फिरायची. यात मला नेहमी एक गोष्ट टोचते. आदिवासींना दाखल्यासाठी धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात मात्र ख्रिस्ती दलित बसत नाहीत, म्हणून आम्हा भावंडांना ती सवलत कधी मिळाली नाही. जो कागद तिच्या स्वतःच्या मुलांना मिळू शकला नाही, तो ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी उन्हात उभी राहून मिळवायची. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "रांगेत उभं राहिल्यावर मागच्याला वाटा मिळतोय म्हणून रांग सोडायची का?"

सगळं नीट झालं असं मी सांगणार नाही. एका हुशार मुलीचं नववीत असताना लग्न लावलं. आईला कळलं तेव्हा हळद लागून गेली होती. त्या रात्री तिने जपमाळ हातात घेतली आणि म्हटली नाही, नुसती धरून बसली. दुसऱ्या एका मुलाला आजीकडे ठेवलं आणि आजीच फाल्गुनात वारली. पाच दिवस तो शेजारणीकडे होता, मग बाप येऊन भट्टीवर घेऊन गेला. दोघांचीही नावं वहीत आहेत, खोडलेली नाहीत.

नातवंडांना तिची आजी म्हणून आठवण वेगळी आहे. कॅनडातल्या नातवाला ती रोज सकाळी फोन करायची, त्याची तिकडे रात्र असायची. "जेवलास का, प्रार्थना केलीस का," याच क्रमाने. माझ्या मुलीला तिने करंजीची मुरड घालायला शिकवलं आणि बँकेची स्लिप भरायलाही. त्या दोघींत काय गुपितं होती मला माहीत नाही, आणि मुलगी अजून सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात, ८३ व्या वर्षी, रुग्णाभ्यंग घेऊन ती गेली. शेवटच्या दिवशी शुद्धीत होती. फादर बाहेर पडल्यावर तिने मला दोन गोष्टी विचारल्या. दुधाचं बिल दिलं का, आणि दिवाळी किती तारखेला आहे.

तिच्या कबरीवर संगमरवर बसवावा असं आमच्या घरात काहींचं मत होतं. बोलाचाली झाल्या, त्या इथे नकोत. साधा कृस लावला आहे आणि उरलेले पैसे गेल्या हंगामाच्या शिध्यात गेले. ११ आज्या, त्यांच्याकडे २३ मुलं. पण ते पैसे ज्येष्ठातच संपले. या वर्षी मुकादम गणपतीतच वाडीवर येऊन गेला असं मावश्या सांगतात. उचल घेताना मुलं बरोबर आणायची की नाही हेही तेव्हाच ठरतं, त्यामुळे आपल्याकडे वेळ दिवाळीपर्यंत आहे असं समजू नका, दसऱ्यापर्यंत आहे. पैशापेक्षा मोठी अडचण माणसांची. आई प्रत्येक घरी संध्याकाळभर बसायची, चुलीजवळ, आणि शिध्याचा विषय शेवटी काढायची. मी निवृत्त नर्स आहे, इंजेक्शन देता येतं, पण इतका वेळ गप्प बसणं मला जमत नाही. असं बसू शकणाऱ्या दोन जणी हव्यात, आणि सातबारा, रजिस्टर वाचता येणारा एक माणूस. पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही वाडीवर जाणार आहोत, बसने पौड आणि पुढे मिळेल ते.

वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. ११ नावं लिहिलेली आहेत, त्यांच्यासमोरचे रकाने रिकामे आहेत. एक महिन्याचा शिधा, दोन महिन्यांचा, जसं जमेल तसं ज्याने त्याने भरावं. वहीला दोरीने पेन्सिल बांधलेली आहे, तीच वापरा. आईने त्या वहीत पेनने कधी लिहिलं नाही, कारण वाडीवरचे आकडे बदलतात.