मोजलंस कसं? सांग!



पालकसभेत एक वाक्य मला हमखास ऐकू येतं: "बाई, आमची मुलगी बघून शिकणारी आहे. तोंडी गणित तिला नाही जमायचं." पोर जेमतेम चौथीत, आणि आपण शिक्का मारून मोकळे!

रेडिओवर फळा नाही, म्हणून ठिपक्यांची रांगोळी मनात काढा. सात ते चार. मधल्या ओळीत सात ठिपके. वर सहा, पाच, चार आणि खालीही तसेच. एकूण किती? एक मुलगा ओळीमागून ओळ मिळवत जातो. एक मुलगी चार आणि सहाची जोडी लावते. असे दोन दहा, पाच-पाचांचा तिसरा, उरले सात. आणखी एक जण मधल्या ठिपक्याभोवती बोटानं वेढे काढतो: एक, सहा, बारा, अठरा. उत्तर तिघांचंही ३७.

उत्तर बरोबर आलं की आपण पान उलटतो. इथेच चुकतं. विचारा, "मोजलंस कसं? सांग!" वेढेवाला आधी "असं गोल गोल" एवढंच म्हणेल. थांबा, घाई नको. शेजारणीला फोनवर रांगोळी सांगताना हातवारे चालतात का? मधला ठिपका कुठला, पुढचा वेढा कितीचा, हे शब्दांतच सांगावं लागतं. "दर वेढ्याला सहा वाढतात," हे वाक्य त्याच्या तोंडून आलं, की बोटातलं गणित वर्गाचं झालं. आणि जोड्या लावणारीनं ते ऐकून स्वतः वेढे काढून बघावेत.

हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये 'बघून शिकणारी', 'ऐकून शिकणारी' अशा शिकण्याच्या शैलींवरचं संशोधन तपासलं. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात. पण शैली ठरवून तशीच शिकवणी दिली तर मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून म्हणते, शिक्का नको. बघणाऱ्याला बोलू द्या, बोलणाऱ्याला काढू द्या.

आज घरी नऊ ते पाचची रांगोळी काढा. ठिपके ६१ भरतील. अठरानंतरचा वेढा चोवीसचाच का, तेही सांगायचं होतं, पण वेळ संपली. ते मुलांनाच विचारा. आणि उत्तर आलं, की पुन्हा तेच: कसं? सांग!