देशांतर आणि जहाजावरचं घड्याळ

(राजपुरा, बुऱ्हाणपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



समुद्रापासून इतक्या लांब, तापीकाठी बसून जहाजावरच्या घड्याळाची गोष्ट कशाला? एक तर आपलं बुऱ्हाणपुरी कापड सुरतेला जाऊन गलबतांवर चढायचं, पार इराण-तुर्कस्तान गाठायचं. दुसरं म्हणजे, जुन्या ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनवरून जाते आणि आपण तिच्या पूर्वेला अर्धा अंशही नाही. इथली खरी माध्यान्ह उज्जैनच्या आधी जेमतेम दोन मिनिटं होते, मुंबईच्या आधी सुमारे साडेतेरा मिनिटं. पंचांगवाले यालाच देशांतर म्हणतात.

नावाड्याची खरी अडचण हीच. ध्रुवतारा किती उंच दिसतो ते मोजलं की उत्तर-दक्षिण कळतं. पूर्व-पश्चिम कळायला मात्र, इथे सूर्य माथ्यावर आला तेव्हा मूळ ठिकाणी किती वाजले होते, हे ठाऊक हवं. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. सूर्यसिद्धान्ताला हे माहीत होतं. गणितानं काढलेल्या वेळेच्या आधी चंद्रग्रहण दिसलं की नंतर, त्यावरून मध्यरेषेची बाजू ओळखा, असं तो सांगतो. पण ग्रहण काही रोज लागत नाही.

मग घड्याळ न्यावं? लग्नात घटिकापात्र पाहिलं असेल तुम्ही. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक, चोवीस मिनिटांत बुडते. तिला संथ पाणी लागतं. डोलत्या गलबतावर ती निरुपयोगी, आणि लंबकाचं घड्याळही तसंच.

हे कोडं जॉन हॅरिसन या इंग्रज सुतारानं सोडवलं. त्याचं चौथं घड्याळ १७६१ साली जमैकाला निघालं. ८१ दिवसांत ते फक्त ५ सेकंद मागे पडलं. विषुववृत्तावर ४ सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैल, हे लक्षात घेतलं की या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

पुढच्या कारागिरांनी घडवलेली अशी घड्याळं, म्हणजे क्रोनोमीटर, लाकडी पेटीत असत. पितळी कड्यांत टांगल्यामुळे जहाज कललं तरी तबकडी आडवीच राही. रोज ठरल्या वेळी घड्याळ अलगद उलटं करायचं, मागच्या भोकात किल्ली घालायची, फेरे मोजून चावी द्यायची. हाती घडवलेल्या प्रत्येक घड्याळाची चाल वेगळी. कुणी रोज दोन सेकंद पुढे, कुणी तीन मागे. त्याची फिकीर नव्हती. चाल रोज तीच राहिली पाहिजे, एवढंच मागणं.

ती तपासायला खात्रीची वेळ लागे. कंपनी सरकारनं १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती ताऱ्यांचे वेध घ्यायला आणि वेळ राखायला. पुढे मुंबईच्या गोदीत मनोऱ्यावरचा गोळा नेमक्या क्षणी खाली पडू लागला. जहाजावरचा अधिकारी त्यावर डोळे लावून उभा असे. गोळा सुटला की क्रोनोमीटरवरचा सेकंद टिपायचा, फरक वहीत लिहायचा. काट्यांना हात लावायचा नाही.