हे खाते कोणाचे?



नगरपालिकांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या परिषदेत अध्यक्षाने काय बोलावे, याचा एक ठरीव साचा आहे. आधी शहराचा गौरवशाली वारसा, मग विभागवार प्रगती, मग वाढीव निधीची मागणी आणि शेवटी आभार. यवतमाळात हा साचा पहिल्याच पायरीवर अडखळतो. इथल्या नगरपालिकेचा वारसा सुरू होतो तोच मुळी बंद पडण्यापासून. १८६९ साली यवतमाळला नगरपालिका मिळाली आणि खर्च भागत नाही म्हणून थोड्याच काळात मोडीतही निघाली. पुढे कापसाच्या व्यापाराने गाव वाढले, तेव्हा १८९४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १०,५४५ होती. २०११ मध्ये ती १,१६,५५१ झाली. एकशेदहा वर्षांत गाव अकरा पट झाले, पण तिजोरीचे दुखणे १८६९ चेच राहिले.

म्हणून इथे विभागांची कामगिरी मोजायची तर आधी एक प्रश्न निकालात काढावा लागतो. ज्या कामासाठी शहर नगरपालिकेला शिव्या घालते किंवा हार घालते, ते काम मुळात तिच्या हातात आहे का?

पाण्यापासूनच सुरुवात करू. यवतमाळचा पाणीपुरवठा नगरपरिषद करत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. पाणीपट्टीचे बिल त्यांचे, व्हॉल्व्हमन त्यांचा, निळोणा आणि चापडोह या दोन धरणांमधून येणारे पाणीही त्यांच्याच हिशेबात. पण नळ आला नाही की बाई रिकामा हंडा घेऊन जाते ती नगरसेवकाच्या दारात. तिचे चुकते असे कोण म्हणेल? मत तिने त्याला दिले होते, प्राधिकरणाच्या कार्यकारी अभियंत्याला नव्हे.

२०१८ चा उन्हाळा या शहराने पाहिला आहे. आधीचा पावसाळा कोरडा गेला, दोन्ही धरणे तळाला गेली, आणि नळाची पाळी इतकी लांबली की घरोघरी ड्रम, टाक्या, प्लास्टिकच्या कॅन यांनीच अंगण भरले. त्या काळात प्रभागाप्रभागांत टँकर फिरवणे नगरपरिषदेच्या अंगावर आले. टँकरचे काम बाहेरून सोपे दिसते. प्रत्यक्षात कुठल्या गल्लीत टँकर वळतो, कुठे वळत नाही, कुठे पाइप पुरतो, कुठल्या कोपऱ्यावर आधी भांडण होते, हे सगळे ज्याला तोंडपाठ असते तो कारकून किंवा मुकादम कुठल्याही अहवालात दिसत नाही. अहवालात फेऱ्यांची संख्या येते आणि इंधनाचे देयक येते.

त्या टंचाईवरचा कायमचा उपाय म्हणून बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची योजना केंद्राच्या ‘अमृत’ अभियानातून आली. खर्च तीनशे कोटींच्या घरात. २०१५ मध्ये सुरू झालेले ‘अमृत’ एक लाखावरच्या शहरांसाठी होते, आणि जनगणनेच्या आकड्याने यवतमाळ ही रेषा जेमतेम ओलांडत होते. सतरा हजार माणसे कमी भरली असती तर शहर यादीबाहेर राहिले असते. योजना आली, खोदकाम झाले, रस्ते फुटले, मुदती वाढल्या, चाचणीत पाइप फुटले. मार्च २०२३ मधली सीसीटीव्हीची ती चित्रफीत देशभर फिरली. भर रस्ता खालून फुगतो, फाटतो, पाण्याचा लोट खडी-डांबरासकट उसळतो आणि तिथून जाणारी एक स्कूटरस्वार महिला त्याच्या तडाख्यात सापडून जखमी होते. देशाने ती फीत करमणूक म्हणून पाहिली. यवतमाळकरांनी मात्र लगेच विचारले, हे काम नगरपालिकेचे की प्राधिकरणाचे? रस्ता एकाचा, पाइप दुसऱ्याचा, ठेकेदार तिसरा.

प्राधिकरण नालायक आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरमध्ये २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देणारी मीटरची योजना उभी राहिली. जास्त वापरेल त्याला चढा दर, असे तिचे गणित होते, आणि ती बांधण्यात हेच जीवन प्राधिकरण होते. फरक इतकाच की तिथे योजना बांधून झाल्यावर ती चालवायला आणि तिच्या नावाने बोलणी खायला नगरपंचायत स्वतः उभी होती. बांधणारा आणि उत्तर देणारा एकमेकांना ओळखत होते.

आता हद्दवाढीकडे वळू, कारण गेल्या दहा वर्षांत यवतमाळच्या नगरपरिषदेवर कोसळलेले सगळ्यात मोठे काम तेच आहे. २०१६ च्या निवडणुकीआधी लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा, भोसा, पिंपळगाव अशा भोवतालच्या ग्रामपंचायती एका फटक्यात शहरात आल्या. अधिसूचना निघाली त्या दिवशी गावे शहर झाली. रस्ते, नाल्या, दिवे काही त्या दिवशी शहराचे झाले नाहीत. कर विभागाच्या टेबलावर काय आले याची कल्पना करावी. ग्रामपंचायतीचा घरनोंदीचा उतारा, नमुना आठ, त्यावर आजोबांचे नाव, घर मात्र नातवाने स्लॅब टाकून वाढवलेले, आणि लेआउटच्या नकाशात जिथे बगिचा दाखवला तिथे कुणाचा तरी गोठा. यातून कर आकारणीची यादी तयार करायची, हरकती ऐकायच्या आणि पुन्हा वसुलीला त्याच दारात जायचे. ‘रस्ता नाही, नाली नाही, मग टॅक्स कशाचा?’ हा प्रश्न कर निरीक्षकाला तोंडावर विचारला जातो. त्याचे उत्तर बांधकाम विभागाकडे असते, आणि बांधकाम विभाग म्हणतो, आधी वसुली होऊ द्या.

हे गुऱ्हाळ केवळ आळसामुळे चालत नाही. एकेकाळी नगरपालिकेच्या वेशीवर जकात नाके होते. ते भ्रष्ट होते, तापदायक होते, सगळे खरे. पण तो पैसा गावात येणाऱ्या मालावरचा होता आणि गावातच खर्च होत होता. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी मुंबईहून सहायक अनुदान येऊ लागले. तेव्हापासून छोट्या शहराचा लेखापाल पगाराच्या तारखेआधी अनुदानाची वाट पाहतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. उरलेल्यात गाव सांभाळायचे.

एका विभागाबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण परिषदांमध्ये त्याचे नाव कुणी घेत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी. १९६९ च्या केंद्रीय कायद्याने एकवीस दिवसांत नोंद बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला. पण खरी गर्दी असते ती जुन्या नोंदींसाठी. हा जिल्हा गोंड, कोलाम, परधान, बंजारा, कुणबी अशा समाजांचा. जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा. हा पुरावा कुठे सापडतो? नगरपालिकेच्या जन्म रजिस्टरात आणि नगरपरिषदेच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. कडा झिजलेले पान, फिकट निळी शाई, नावापुढे आडवी मारलेली एक रेघ आणि तिच्यावर ‘कुणबी’ किंवा ‘गोंड’ असा एक शब्द. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते आणि एका पोराची फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती सगळे त्या एका शब्दावर टांगलेले असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने राज्यभर कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मंत्रालयाला एकदम आठवण झाली की नगरपालिकांच्या अडगळीच्या खोलीत राज्याचा इतिहास पडून आहे.

ती रजिस्टरे वाळवीपासून वाचवली, त्यांचे स्कॅनिंग केले, अनुक्रमणिका लावली, हे चौकातल्या कारंज्यापेक्षा मोठे काम आहे. त्याच्या उद्‌घाटनाला फीत कापता येत नाही, एवढीच त्याची अडचण.

दुसरे असेच काम स्मशानभूमीतले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट जिल्ह्यावर आली, तेव्हा मुलगा बापाच्या चितेजवळ जायला कचरत होता. त्या दिवसांत देहांवर अंत्यसंस्कार करणारी माणसे आरोग्य आणि सफाई विभागाच्या आस्थापनेवरची होती, काही तर रोजंदारीवरची. पीपीई किट घालून मेच्या उन्हात लाकडे रचणे काय असते, ते त्यांनाच विचारावे. त्यांच्यातल्या किती जणांची सेवा पुढे नियमित झाली, हा आकडा या परिषदेने मागवायला हवा.

अग्निशमन विभागाचेही तसेच. त्याला लोक आगीपुरते ओळखतात. २२ जुलै २०२३ च्या पावसाने यवतमाळच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावरची माणसे अडकल्यावर हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. हेलिकॉप्टरचे फोटो आले. दोरी आणि ट्यूब घेऊन गल्लीत उतरणाऱ्यांचे फोटो कोण काढणार?

कचऱ्याचा विषय टाळून चालणार नाही, पण त्यावर फार बोलण्यासारखेही काही नाही. घंटागाडी आली की गाव खूश आणि ठेकेदाराचे देयक थकले की चौकाचौकांत ढीग, हे चक्र या शहराने एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. कुणी म्हणेल की छोट्या गावांना हे जमत नाही. पण कऱ्हाडला २०२० मध्ये, विट्याला २०२१ मध्ये आणि सासवडला २०२३ मध्ये एक लाखाखालच्या शहरांत स्वच्छतेचा देशातला पहिला क्रमांक मिळाला. कोकणातल्या वेंगुर्ल्याने तर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात डम्पिंगच्या जागेचे पर्यटकांना तिकीट लावण्याजोगे उद्यान केले. कचरा घरातच वेगळा करून घ्यायचा, मिसळून दिला तर उचलायचा नाही, इतकीच त्याची युक्ती. अडचण इथे आहे की मुख्याधिकाऱ्याची बदली होते आणि युक्ती त्याच्याबरोबर पुढच्या गावाला जाते.

नगरपालिकेतला अनुभव वरपर्यंत गेल्याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे, ते इथल्या लोकांनाही फारसे आठवत नाही. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा प्रदीर्घ काळ राज्याचे मुख्यमंत्री होते, हे शाळकरी पोरही सांगते. पण त्याआधी, १९४६ पासून, ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. वऱ्हाडात तेव्हा १९२२ चा मध्यप्रांताचा नगरपालिका कायदा चालत होता, पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा आणि मराठवाड्यात हैदराबादचा. या तीन तऱ्हा मोडून सगळ्या राज्याला एकच नगरपालिका कायदा मिळाला तो १९६५ मध्ये, म्हणजे नाईक मुख्यमंत्री असताना. पुसदच्या सभागृहात ठराव मंजूर होऊनही नाली का होत नाही, याचा अनुभव गाठीशी असलेला माणूस तेव्हा मंत्रिमंडळाच्या प्रमुखपदी होता. आजही यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, दारव्हा या नगरपरिषदा त्याच कायद्याखाली चालतात. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय लिहून दिले. त्यात पाणीपुरवठा आहे, अग्निशमन आहे, स्मशानभूमी आहे, जन्म-मृत्यूची नोंद आहे. विषय दिले, पण प्रत्येक विषयाबरोबर खाते, माणसे आणि पैसा दिला का, हे यवतमाळच्या नळाला विचारावे.

साहित्याच्या मंडळींनाही एक विनंती. या शहरात १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दुसऱ्या संमेलनाच्या निमंत्रणावरचे वाद अजून चघळले जातात. पण २०१८ च्या भयंकर उन्हाळ्यानंतर अवघ्या काही महिन्यांत हजारो पाहुण्यांचे पाणी, स्वच्छतागृहे आणि मैदानाची झाडलोट या शहराने निभावली, यावर कुणी चार ओळी लिहिल्याचे ऐकिवात नाही. संमेलनाच्या इतिहासात मंडप येतो, मुकादम येत नाही.

२०१६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे इथे प्रशासकांचा कारभार होता. ठराव मुख्याधिकाऱ्याने मांडायचा आणि प्रशासकाने मंजूर करायचा. भांडायला समोर कुणी नाही. काही कामे त्यामुळे वेगाने झाली, हे कबूल. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी सभागृहे पुन्हा भरली. नव्या सदस्यांनी पहिल्या काही सभांत तीन कागद मागवावेत, अशी सूचना या खुर्चीवरून करावीशी वाटते. बेंबळ्याच्या योजनेतून कोणत्या प्रभागात किती दिवसांआड पाणी येते, याचा प्राधिकरणाच्या सहीचा तक्ता. हद्दवाढीतल्या प्रत्येक गावातून किती कर गोळा झाला आणि त्याच गावात किती खर्च झाला, याची शेजारीशेजारी मांडलेली यादी. आणि जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरांपैकी किती पाने स्कॅन झाली, किती वाळवीने खाल्ली, याचा हिशेब. पुढच्या वर्षीच्या परिषदेच्या विषयपत्रिकेत भाषणांच्या आधी हे तीन तक्ते ठेवले जावेत आणि त्यावर प्रश्न विचारायला पहिला तास प्रेक्षकांना मिळावा.